एकशे तीन सेंटिमीटरची सहल

पार्कातल्या मोठ्या पाळण्याच्या रांगेत पाऊण तास उभं राहिलं की शेवटी जो माणूस भेटतो, त्याच्यापाशी एक पट्टी असते. चेन्नईच्या एका पार्कात ही पट्टी जिराफाच्या आकाराची होती, आणि त्याच्या मानेवर १२० ला लाल रेघ होती. आमची चार वर्षांची लेक जिराफाखाली उभी राहिली. आधी नीट, मग टाचा उचलून, मग मान ताणून. पट्टीवाल्या दादांनी तिच्या डोक्यावर तळहात आडवा धरला आणि हात तसाच जिराफाकडे नेला. रेघ हाताच्या वीतभर वर राहिली. "अडुत्त वरुषम वा, पापा," दादा हसून म्हणाले. पुढच्या वर्षी ये, बाळा. ताई चेन्नईत बारा वर्षं राहते, ती अर्थ सांगणार तेवढ्यात लेकीने भोकाड पसरलं. भाषा कळली नव्हती, हात कळला होता.

चूक पार्काची नव्हती, आमची होती. उंचीचे नियम पार्काच्या संकेतस्थळावर होते, तिकीटखिडकीजवळच्या फलकावर होते. आम्ही विमानाची तिकिटं, हॉटेल, टोप्या, सनस्क्रीन सगळं पाहिलं होतं. ज्या एका आकड्यावर सगळा दिवस ठरतो, तो तेवढा मोजला नव्हता.

तो आकडा समजून घेण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात चार वर्षांच्या मुला-मुलींची मधली उंची १०३ सेंटिमीटरच्या आसपास आहे. तिसऱ्या वाढदिवसाला ती ९५-९६ असते, पाचव्याला ११० च्या जवळ पोचते. १४० गाठायला मात्र दहा वर्षं उलटून वर काही महिने लागतात. आता पार्कांचा हिशेब बघा. वंडरलाच्या पार्कांमध्ये ८५ सेंटिमीटरच्या खालच्या मुलांना प्रवेश फुकट आणि ८५ ते १४० पर्यंत बालतिकीट, अशी पद्धत आहे. ८५ सेंटिमीटर म्हणजे साधारण दुसऱ्या वाढदिवसाच्या अलीकडे-पलीकडे. म्हणजे दोन वर्षांचं बाळ आणि दहा वर्षांचा दांडगट यांना तिकीट एकच. दांडगट दिवसभर निम्मं पार्क पालथं घालतो. बाळ चारपाच लहानग्यांच्या पाळण्यांत बसतं आणि नंतर कारंज्यापाशी दगड गोळा करतं. तिकीट काढताना यातलं आपलं कोण, हे माहीत असलेलं बरं.

वय सोडून उंचीच का मोजतात, हा प्रश्न रांगेतल्या प्रत्येक बापाला पडतो, आणि मग तो "साहेब, थोडीशीच कमी आहे" अशी मनधरणी सुरू करतो. त्यामागचं कारण सरळ यंत्राचं आहे. अनेक पाळण्यांत दोघांना मिळून मांडीवर एकच दांडा येतो. तो खाली येताना आधी मोठ्या माणसाच्या मांडीला लागतो आणि तिथेच अडकतो. शेजारच्या मुलाच्या मांडीवर मग चांगलीच पोकळी उरते, आणि पाळणा उसळला की मूल त्या पोकळीतून सरकू शकतं. दुसरं म्हणजे लहान मुलाचे पाय जमिनीला टेकत नाहीत. गाडी वळताना आपण नकळत पाय रोवून शरीर सावरतो, ते त्याला जमत नाही. आणि त्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. जन्मतः डोकं शरीराच्या लांबीचा जवळपास चौथा हिस्सा असतं, मोठेपणी सातवा-आठवा. जड डोकं आणि कच्ची मान घेऊन झटका सोसणं मोठ्यांच्या शरीरापेक्षा फार वेगळं असतं. म्हणून जाड तळव्याचे बूट घालून मुलाला दोन सेंटिमीटर वाढवणारे पालक पाहिले की मला हसू येत नाही. बुटाने उंची वाढते, मांडी जाड होत नाही.

आपल्या लोकांचा खरा घात करतात ते दोन शब्द: पैसे वसूल. सकाळी दार उघडायच्या आधी हजर, रात्री दिवे मालवेपर्यंत आत, मधे प्रत्येक पाळण्याला हात लावून यायचं. कॉलेजच्या पोरांसाठी हे ठीक आहे. चार वर्षांच्या मुलाबरोबर हा बेत दुपारी दोन वाजता कोसळतो, आणि तो कोसळताना आईबाप एकमेकांशी भांडतात. मी तरी आता असं धरते की लहान मुलाबरोबर पार्क हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम आहे. तिकीट पूर्ण दिवसाचं असलं तरी.

चेन्नईच्या बाबतीत त्याआधी आणखी एक गणित चुकतं, ते सुट्ट्यांचं. आपल्या दोन मोठ्या सुट्ट्या, दिवाळीची आणि मे महिन्याची. नेमक्या दोन्ही वेळा चेन्नई वाईट. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर. तिथे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. वर्षाला पडणाऱ्या सुमारे १४०० मिलिमीटरपैकी निम्म्याहून जास्त पाऊस या तीन महिन्यांत पडतो आणि नोव्हेंबर त्यात सगळ्यात ओला. दिवाळीच्या फराळाचे डबे घेऊन निघालेलं पुणेकर कुटुंब नेमकं त्याच पावसात उतरतं. २०१५ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला आलेल्या पुरात विमानतळ कित्येक दिवस बंद होता. २०२३ च्या डिसेंबरमध्ये मिचौंग चक्रीवादळाने पुन्हा धावपट्टीवर पाणी आणलं. पार्कात काय होतं, तर वीज कडाडली की उंच पाळणे थांबतात, पाण्याचे खेळ बंद होतात, आणि तुम्ही उपाहारगृहात फ्रेंच फ्राइज खात ढगांकडे बघत बसता.

मे महिन्यात तिथे कत्तिरी वेयिल असतं. साधारण ४ ते २८ मेचा हा काळ पंचांगात अग्नी नक्षत्रम म्हणून नोंदलेला असतो, आणि वर्तमानपत्रं त्याची सुरुवात आणि शेवट बातमीसारखा छापतात. पारा चाळिशी ओलांडतो हे एक. पण नागपूरकरांना चाळिशीचं काय कौतुक? चेन्नईत त्रास देतो तो दमटपणा. समुद्रकाठच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. लहान मुलाचं वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं, त्यामुळे बाहेरची उष्णता ते आपल्यापेक्षा लवकर शोषतं. शिवाय खेळाच्या नादात ते पाणी मागत नाही. मागेपर्यंत उशीर झालेला असतो.

मग जायचं कधी? जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी. पाऊस सरलेला असतो, दुपारचा पारा तिशीच्या आसपास राहतो. फक्त पोंगलचे दिवस चुकवा, विशेषतः काणुम पोंगल. त्या दिवशी घराबाहेर पडून नातलगांना भेटायचं, फिरायचं अशी रीतच आहे, आणि मरीना, वंडलूरचं प्राणीसंग्रहालय, महाबलीपुरम सगळीकडे मुंगीला शिरायला जागा नसते. जुलै-ऑगस्टही चालतो. आपल्याकडे धो-धो पाऊस असताना चेन्नई पश्चिम घाटाच्या आडोशाला असते, दिवस उन्हाचे आणि पाऊस आला तर बहुधा संध्याकाळी गडगडाट करून जाणारा. आणि इथे एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडते. बालवाडीतल्या मुलाने चार दिवस दांडी मारली तर कुणाचंही शिक्षण अडत नाही. पहिलीत गेल्यावर ही मोकळीक संपते. तेव्हा सुट्टीच्या गर्दीत जायची सक्ती नसताना सुट्टीत जाऊ नका, मधल्या वारी जा.

चेन्नईला पार्कांची परंपरा जुनी आहे. ईस्ट कोस्ट रोडवर इंजंबाक्कमला व्हीजीपीचं पार्क आहे. हे तेच व्हीजीपी, ज्यांनी तमिळनाडूत घरगुती वस्तू हप्त्याने विकण्याची सवय लावली. तांबरमजवळचं किष्किंता १९९५ मध्ये सुरू केलं नवोदय अप्पच्चन यांनी. नाव ओळखीचं वाटणार नाही, पण भारतातला पहिला त्रिमिती चित्रपट 'माय डिअर कुट्टिचातन' त्यांचा, आणि त्याचाच हिंदी अवतार 'छोटा चेतन' आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी तो कागदी चष्मा लावून पाहिला आहे. मुट्टुकाडूला एमजीएमचं डिझी वर्ल्ड, बेंगळुरू महामार्गावर पुनमल्लीच्या पुढे क्वीन्सलँड. आणि डिसेंबर २०२५ मध्ये जुन्या महाबलीपुरम रस्त्याच्या बाजूला, तिरुपोरूरजवळच्या इळ्ळलूरला वंडरलाचं सुमारे ६४ एकरांचं पार्क उघडलं. कोची, बेंगळुरू, हैदराबाद, भुवनेश्वरनंतरचं त्यांचं हे पाचवं. तिथल्या मुख्य रोलरकोस्टरचं नाव 'तंजोरा'. रुळांखाली लटकत, पाय अधांतरी ठेवून जाणारं स्विस बनावटीचं हे यंत्र आहे. तंजावरवर पावणेदोनशे वर्षं भोसल्यांचं राज्य होतं, त्यामुळे मराठी माणसाला ते नाव ऐकून उगाच आपलेपणा वाटतो. तो आपलेपणा खालून पाहण्यापुरता. १०३ सेंटिमीटरवाल्यांचं तिथे काम नाही.

यातलं कुठलं निवडावं? लहान मूल असेल तर मी नव्यापेक्षा जवळचं निवडीन. मोठ्या पार्कांत मोठं जे असतं, ते मोठ्यांसाठी असतं. मुलाला लागतं ते साधं आहे: घोड्यांचा पाळणा, गोल फिरणारे कप, छोटी आगगाडी, गुडघाभर पाण्याचं तळं. हे सगळीकडे मिळतं. व्हीजीपीच्या दाराशी पगडी, मिशा आणि दरवानाचा पोशाख घातलेला एक माणूस वर्षानुवर्षं पुतळ्यासारखा निश्चल उभा राहत आला आहे. लोक त्याला हसवायचा प्रयत्न करतात, तो हसत नाही. आमच्या लेकीला आख्ख्या सहलीत सगळ्यात जास्त काय आवडलं विचाराल, तर हा माणूस. ती वीस मिनिटं त्याच्यासमोर माकडचेष्टा करत होती. या खेळाला उंचीची अट नाही, रांगही नाही.

राहण्याची जागा मात्र विचार करून घ्या. बहुतेक जण सवयीने एग्मोर किंवा सेंट्रल स्टेशनजवळ हॉटेल घेतात आणि मग रोज सकाळी शहर ओलांडतात. ईस्ट कोस्ट रोड आणि जुना महाबलीपुरम रस्ता हे दोन्ही शहराच्या दक्षिणेला एकमेकांना समांतर पळतात, आणि लहान मुलांना दाखवायच्या बहुतेक गोष्टी या दोन रस्त्यांवरच आहेत. तेव्हा तिरुवन्मियूर, इंजंबाक्कम, शोळिंगनल्लूर या बाजूला राहिलं तर दुपारी झोपायला मूल परत आणता येतं. सगळ्या सहलीचा मुद्दा इथे येऊन थांबतो: दुपारची झोप.

सकाळी पार्क उघडताना आत जा. पहिल्या दीड-दोन तासांत रांगा लहान, ऊन तिरकं आणि मुलाचा मूड ताजा असतो. सगळ्यात आधी ज्या पाळण्यासाठी मूल हट्ट धरून बसलंय तो उरकून घ्या, नंतरसाठी ठेवू नका. साडेबारा-एकला जेवण, मग बाहेर. बरीच पार्कं एकदा बाहेर गेल्यावर त्याच तिकिटावर परत आत घेत नाहीत, तेव्हा ते आधी विचारून ठेवावं. परत आत सोडत नसतील तर आतच सावलीत, शक्य तर वातानुकूलित जागेत तासभर आडवं व्हायचं. चेन्नईच्या किनाऱ्यालगत दुपारी एक बदल होतो. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून गार हवा आत येते. हे समुद्री वारे साधारण बारा ते दोनच्या सुमाराला किनाऱ्यावर पोचतात. ते आले की पारा दोन-तीन अंशांनी उतरतो. ज्या दिवशी पश्चिमेचा कोरडा वारा त्यांना अडवून धरतो, तो दिवस भाजून काढतो. किनाऱ्यालगतच्या पार्काला ही झुळूक आधी मिळते, आत असलेल्या क्वीन्सलँडसारख्या ठिकाणी उशिरा आणि थकलेली.

पाण्याच्या खेळांसाठी नायलॉन किंवा लायक्राचे कपडे लागतात, सुती चालत नाहीत. हा काही पार्काचा भाड्याने कपडे देण्याचा डाव नाही, निदान सगळा नाही. सुताचे धागे सुटून पाण्याच्या गाळण्यांमध्ये अडकतात. घरूनच पोहण्याचे कपडे न्या, मुलाचे दोन जोड न्या, आणि ओढणी नको, मोकळे केस नकोत. तळं गुडघाभर असलं तरी मुलापासून एका हाताच्या अंतरावर राहा. बुडणारं मूल सिनेमात ओरडतं. प्रत्यक्षात त्याला ओरडायला श्वास नसतो, ते गुपचूप पाण्याखाली जातं, आणि त्याला मिनिटही लागत नाही. फुगवलेली ट्यूब हे खेळणं आहे. तिच्या भरवशावर मोबाइलकडे बघत बसलेले बाप मी तळ्याच्या काठावर ओळीने पाहिले आहेत. लाटांच्या तळ्यात तर इतक्या लहान मुलाला नेऊच नये. समुद्राचंही तेच. चेन्नईचा समुद्र आपल्या गणपतीपुळ्याइतकाच फसवा आहे. कोवलमच्या किनाऱ्याला २०२१ मध्ये स्वच्छ किनाऱ्याचं ब्लू फ्लॅग मानांकन मिळालंय आणि तिथली व्यवस्था नीटनेटकी आहे, तरी मुलाचं काम वाळूतलं.

खाण्याचा प्रश्न चेन्नईइतका सोपा दुसरीकडे कुठे नसेल. इडली, पोंगल, दहीभात. चार वर्षांच्या मराठी मुलाला याहून परकं काही लागत नाही. तयिर सादम म्हणजे आपला दहीभातच, फक्त फोडणीत कढीपत्ता जास्त आणि बाजूला लोणचं. बाहेरचं खाणं पार्कात बहुतेक नेऊ देत नाहीत, पण बाळाचं खाणं आणि औषध सहसा अडवत नाहीत. पाण्याच्या बाटलीबरोबर ओआरएसची दोन पाकिटं पर्समध्ये असू द्या. आणि दोन शब्द शिकून जा: "कारम वेंडाम". तिखट नको. ताईच्या मते तमिळनाडूत लहान मूल घेऊन फिरणाऱ्याला एवढं व्याकरण पुरतं.

तमिळ शब्दांची आपल्या कानाशी गंमतही होते. तिथे ताकाला मोर म्हणतात. उन्हाळ्यात रस्त्याकडेला नीर मोर मिळतं, पातळ, मीठ-हिंग-आलं घातलेलं, तहानेवर याहून चांगलं काही नाही. दुकानदाराने "मोर वेणुमा?" विचारल्यावर आमची लेक टुणकन उडी मारून मोर कुठे आहे ते शोधायला लागली. दुधाची तर कमालच. दुधाला तमिळमध्ये पाल म्हणतात. सकाळी हॉटेलच्या वेटरने प्रेमाने "पापाला पाल आणू का?" अशा अर्थाचं काही विचारलं आणि पापा टेबलाखाली शिरली.

भाषेचा हा प्रकार एका बाबतीत गमतीचा राहत नाही. गर्दीत मूल हरवलं तर ते "आई, आई" करून रडतं. तिथल्या माणसाच्या कानाला हा शब्द काही सांगत नाही. निघायच्या आधी घरी खेळ म्हणून शिकवा: हरवलीस तर "अम्मा" म्हणायचं, जागचं हलायचं नाही, आणि गणवेश घातलेल्या माणसाला नाहीतर बाळ कडेवर असलेल्या बाईला सांगायचं. मुलाला आपलं पूर्ण नाव आणि आईचं खरं नाव सांगता यायला हवं. बऱ्याच मुलांच्या मते आईचं नाव आई असतं. फोननंबर बॉलपेनने मनगटाच्या आतल्या बाजूला लिहा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, पाण्यातही टिकतो. सकाळी मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा. घाबरलेल्या बापाला मुलाच्या शर्टाचा रंग आठवत नाही. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक तिथेही लागतो.

रांगेबद्दल थोडं. डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला, तो आजही पार्कवाले वाचतात. त्यातली दोन सूत्रं आईबापांच्या कामाची आहेत: रिकाम्या हातांनी थांबणं जास्त लांब वाटतं, आणि किती वेळ लागणार हे ठाऊक नसलं की आणखी लांब. मुलाला "आत्ता येईल" म्हणू नका, ते खोटं त्याला तिसऱ्या वेळी कळतं. "त्या निळ्या खांबापर्यंत गेलो की आपण" असं दाखवा. दोघा पालकांना मोठ्या पाळण्यात बसायचंच असेल तर पट्टीवाल्याला आधीच विचारा: एकाने बसून यावं, दुसऱ्याने मुलापाशी थांबावं आणि मग पुन्हा रांग न लावता अदलाबदल. परदेशात याची रीतसर सोय असते. आपल्याकडे ती माणसाच्या मर्जीवर चालते, आणि गोड बोलून विचारलं तर बहुतेक चालते.

या सगळ्या धंद्याची सुरुवात एका कंटाळलेल्या बापाने केली, असं सांगतात. वॉल्ट डिस्ने सुट्टीच्या दिवशी मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात घोड्यांच्या पाळण्यावर बसवायचा आणि स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसायचा. आईबापांनाही काही करता येईल अशी जागा का नसावी, हा विचार त्याला त्या बाकावर सुचला. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं तेव्हा कडक ऊन होतं, नुकतंच घातलेलं डांबर मऊ पडून बायकांच्या टाचा त्यात रुतत होत्या. नळकारागिरांचा संप झाल्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ की स्वच्छतागृहं, यातलं एकच वेळेत तयार होणार होतं. डिस्नेने स्वच्छतागृहं निवडली. टीका पुष्कळ झाली, पण लहान मुलाबरोबर पार्कात गेलेल्या कुणालाही तो निर्णय बरोबर वाटेल.

त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९५५ ला, चेन्नईच्या पेरांबूरला इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली. आपण लहानपणी ज्या निळ्या डब्यांतून मामाच्या गावाला गेलो, ते बहुतेक इथले. तिथे २००२ पासून रेल्वे संग्रहालय आहे. जुनी इंजिनं, डबे आणि मुलांसाठी छोटी आगगाडी. पार्काच्या दुसऱ्या दिवशी दमलेल्या मुलाला न्यायला याहून स्वस्त आणि शांत जागा नाही.

दुसरी जागा मद्रास क्रोकोडाइल बँक, ईस्ट कोस्ट रोडवर महाबलीपुरमच्या अलीकडे वडनेम्मेली गावी. १९७६ मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांनी मगरी वाचवण्यासाठी ती उभी केली. भिंतीपलीकडे शेकडो मगरी एकमेकींवर चढून तोंडं उघडी टाकून पडलेल्या दिसतात. "बाबा, या खोट्या आहेत का?" हा प्रश्न तिथे दर पाच मिनिटांनी ऐकू येतो. मगरीला घाम येत नाही, तोंड उघडं ठेवून ती डोकं गार करते. आवारातच इरुळा आदिवासींची सहकारी संस्था आहे, १९७८ पासूनची. सापांचं विष काढून ती प्रतिविष बनवणाऱ्यांना पुरवते. साप पकडण्यात पिढ्यान् पिढ्या गेलेल्या लोकांना वन्यजीव कायद्यानंतर उपजीविकेचं साधन यातून मिळालं. विष काढताना बघायला मिळतं. लेक माझ्या पायाला बिलगून, डोळे न मिटता पाहत होती. महाबलीपुरमचं 'अर्जुनाचं तप' हे कोरीव शिल्प तिला हत्तींपुरतं आवडलं, आणि तेवढं पुरे.

वंडलूरचं प्राणीसंग्रहालय मी लहान मुलांसाठी शेवटी ठेवीन. १८५५ मध्ये सुरू झालेलं, म्हणजे आपल्या राणीच्या बागेपेक्षाही जुनं, पण १९८५ पासून शहराबाहेर ६०२ हेक्टरांवर पसरलेलं. बॅटरीच्या गाडीशिवाय ते चार वर्षांच्या पायांनी होत नाही. मुट्टुकाडूचं दक्षिणचित्र त्यापेक्षा बरं. दक्षिणेकडची खरीखुरी जुनी घरं उचलून आणून तिथे पुन्हा उभी केली आहेत, ओसरी आहे, झोपाळा आहे, कुंभाराचं चाक आहे. वारांकडे मात्र लक्ष ठेवा: मगरी आणि रेल्वे संग्रहालय सोमवारी बंद, वंडलूर आणि दक्षिणचित्र मंगळवारी. बुधवारी पोचणाऱ्याचं सगळं साधतं.

प्रवासाचं फार सांगायला नको. विमानाला पुण्या-मुंबईहून दोन तास लागतात, आणि दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर चालतं. रेल्वेने जवळपास पूर्ण दिवस जातो, पण पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. पाच ते बारामध्ये वेगळी बर्थ घेतली तर पूर्ण भाडं, नाहीतर अर्धं. तीन रात्री पुरतात. पार्काला त्यातला एकच दिवस द्या, आणि तो पहिला नको, शेवटचाही नको.

घरी आल्यावर आम्ही दाराच्या चौकटीवर पेन्सिलने तिची रेघ मारली आणि जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता पुन्हा उघडला. या वयात मुलं वर्षाला सहा-सात सेंटिमीटर वाढतात. पाचला ११०, सहाला ११५-११६. १२० ची रेघ गाठायला सातवा वाढदिवस यावा लागतो. पट्टीवाल्या दादांनी पुढच्या वर्षी ये म्हटलं, ते तिच्या समाधानासाठी.